परत फिरण्याची आखणी

डहाणू तालुक्यातील आशागड हे आमचे गाव. भोवताली चिकूच्या वाड्या, थोड्या अंतरावर समुद्र आणि वर्षातील बहुतेक दिवस दमट हवा. अशा सखल प्रदेशात आयुष्य काढलेल्या, वयाची त्रेसष्ट वर्षे पूर्ण केलेल्या आणि गेली नऊ वर्षे रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाने मोटारसायकलवरून लडाखला जायचे ठरवले, तर आप्तेष्ट काय म्हणतील हे वाचकांना सांगायला नकोच.

या संकल्पाचे निमित्त साधे आहे. २६ डिसेंबर २०२४ रोजी भारतीय लष्कराने पँगाँग सरोवराच्या काठी, १४,३०० फूट उंचीवर, छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण केले. प्राथमिक शिक्षक म्हणून मी कित्येक वर्षे चौथीच्या मुलांना शिवचरित्र शिकवले. त्या पुतळ्यापाशी एकदा जाऊन उभे राहावे, आणि तेही हातपाय चालत आहेत तोवर, असे मनाने घेतले. पस्तिशीतला भाचा त्याची मोटारसायकल घेऊन सोबत यायला लगेच तयार झाला. प्रश्न होता तो दोन गोष्टींचा : माझे शरीर आणि माझे घर.

घरात शहाऐंशी वर्षांची आई आहे. तीन वर्षांपासून ती अंथरुणाला खिळलेली आहे. रात्री दोनदा तिची कूस बदलावी लागते. हे काम पत्नी आणि मी आळीपाळीने करतो. म्हणून पत्नीने दोन अटी घातल्या. तिच्या एकटीवर सगळा भार पडता कामा नये, आणि वर डोंगरात प्रकृती बिघडली तर हट्ट न करता परत फिरायचे. या दोन अटींभोवतीच आमची सारी आखणी उभी राहिली.

प्रथम शरीराविषयी. उंचीवर हवेतील प्राणवायूचे प्रमाण बदलत नाही. ते सर्वत्र सुमारे एकवीस टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब, आणि त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायू. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहमध्ये तो समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश भरतो, तर ५,५०० मीटरवर जवळजवळ निम्माच. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे लेह शहरच त्याच्या दुपटीहून उंचावर वसले आहे. आपल्याकडे कितीही डोंगर चढले तरी त्या विरळ हवेचा सराव होत नाही. होतो तो केवळ दमसासाचा आणि पायांचा. त्यासाठी मी चार महिने रोज पाऊण तास चाललो आणि दर रविवारी जव्हारच्या घाटातून गाडी चालवून आलो. पाठ, मनगटे आणि गुडघे किती तास साथ देतात, हे त्यातून कळले. पाच तासांनंतर माझी पकड सैल पडते. म्हणून एका दिवशी पाच तासांहून अधिक गाडी चालवायची नाही, असे ठरले.

उंचीवरील आजार केवळ दुबळ्यांना होतो, हा समज खरा नाही. १९६२ च्या युद्धाच्या काळात सखल भागातून अनेक तरुण, धडधाकट जवान अल्पावधीत हिमालयाच्या उंचीवर पाठवले गेले आणि त्यांतील कितीतरी जण आजारी पडले. लष्करातील डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांविषयीचा अभ्यास १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. या विषयावरील पायाभूत लेखांत त्याची गणना होते. त्यातून मी घेतलेला बोध असा की, तारुण्य हे कवच नव्हे. आणि केवळ वय झाले म्हणून वाट बंद होते असेही नव्हे. खरा प्रश्न हृदय, फुफ्फुसे आणि चढण्याचा वेग यांचा आहे.

म्हणून तिकिटे काढण्याआधी डॉक्टरांकडे गेलो. हृदयाचा आलेख, धावपट्टीवरील ताणचाचणी, रक्तातील हिमोग्लोबिन आणि साखर हे सारे तपासून झाल्यावरच त्यांनी होकार दिला. उंचीवर पहिले काही दिवस रक्तदाब वाढू शकतो, तेव्हा मोजण्याचे यंत्र जवळ ठेवा, पण गोळीचे प्रमाण मनाने बदलू नका, असे त्यांनी बजावले. उंचीच्या त्रासावर प्रतिबंधक म्हणून देतात ते अ‍ॅसिटाझोलामाइड लिहून देण्यापूर्वी सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी आहे का, हे त्यांनी आवर्जून विचारले. हे औषध शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेण्याचे नव्हे. झोपेच्या गोळ्या आणि मद्य तेथे वर्ज्य, कारण झोपेत श्वास मंदावतो.

त्यानंतर मार्ग ठरवला. मनालीकडून गेल्यास वाटेत सरचूसारख्या सुमारे ४,२९० मीटर उंचीच्या ठिकाणी मुक्काम करण्याची वेळ येते आणि पाच हजार मीटरहून उंच खिंड लेह गाठण्याआधीच ओलांडावी लागते. श्रीनगरकडील वाट हळूहळू चढते. तज्ज्ञांचा नियम असा की, ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये. त्यानुसार गाड्या रेल्वेच्या पार्सलने जम्मूपर्यंत पाठवायच्या, आणि पुढे श्रीनगर, कारगिल, अलची असे मुक्काम करत लेह गाठायचे. तेथे तीन रात्री राहायचे, त्यांतला पहिला दिवस संपूर्ण विश्रांतीचा. पँगाँगला जाताना चांग ला ही साडेसतरा हजार फुटांच्या आसपासची खिंड लागते; ती न रेंगाळता ओलांडायची, रात्री सरोवराकाठी न राहता त्याहून खालच्या तांगत्से गावात झोपायचे आणि सकाळी पुतळ्याच्या दर्शनाला जायचे.

करोनाच्या काळात बोटाला लावण्याचे प्राणवायूमापक यंत्र घरोघरी पोहोचले. तेही सोबत आहे. परंतु लेहमध्ये निरोगी माणसाचाही आकडा नव्वदच्या खाली दिसू शकतो. म्हणून आकड्यापेक्षा लक्षणांकडे लक्ष द्यायचे. डोकेदुखीबरोबर मळमळ, भूक मंदावणे किंवा चक्कर असेल तर त्या दिवशी वर चढायचे नाही. बसल्या जागी धाप लागली, खोकला वाढला, सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता आले नाही किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला, तर थांबायचे नाही; रात्र असली तरी वाहन करून खाली उतरायचे. प्राणवायूचा सिलिंडर तात्पुरता आधार आहे, खरा उपचार खाली उतरणे हाच.

आमच्या आखणीतील सर्वांत महत्त्वाचा नियम याच्या पुढचा आहे. परत फिरण्याचा निर्णय आजारी माणसाने घ्यायचा नाही. मेंदूला प्राणवायू कमी पडू लागला की ‘मला काही झालेले नाही’ असे वाटणे हेही आजाराचेच लक्षण असू शकते. म्हणून माझ्याविषयी भाचा ठरवील आणि त्याच्याविषयी मी. हे आम्ही कागदावर लिहिले आणि दोघांनी खाली सह्या केल्या. पुतळा दोन तासांच्या अंतरावर राहिला असला, तरी हा कागद मोडायचा नाही.

हाच नियम मग घरालाही लागू केला. अठरा दिवसांसाठी तलासरीहून ताई येऊन राहणार आहे. परराज्यातील प्रीपेड सिमकार्ड लडाखमध्ये चालत नाही, म्हणून मी पोस्टपेड घेतले. तरीही पँगाँगच्या बाजूला एखादा दिवस संपर्क नसेल असे धरून चाललो आहोत. लेहहून विमानाने दिल्ली, मुंबई आणि तेथून डहाणू गाठायला एक दिवस तरी लागणारच. तेव्हा आईला रुग्णालयात न्यायचे की नाही, हे मला न विचारता ताईने आणि पत्नीने ठरवायचे, असे स्पष्ट लिहून दिले. औषधांच्या वेळा, डॉक्टरांचा क्रमांक, रुग्णवाहिकेचा १०८, जुने अहवाल कोठे आहेत, पैसे कोठे आहेत, हे सारे एका वहीत आहे.

वही तपासण्यासाठी जून महिन्यात मी चार दिवस नाशिकला जाऊन राहिलो आणि घरी फोन केला नाही. त्या चार दिवसांत रात्रीची गोळी आई पाण्याबरोबर नव्हे, पेजेबरोबरच गिळते, हे ताईच्या ध्यानात आले. ती नोंद वहीत गेली.

आईला सारी वही वाचून दाखवली. तिच्याविषयी तिच्या माघारी काही ठरवणे योग्य नव्हते. सगळे ऐकून तिने विचारले, “आणि मी गेलेच तर?” मी खरे ते सांगितले, की मला पोहोचायला दुसरा दिवस उजाडेल. थोडा वेळ थांबून ती म्हणाली, “मग थांबा माझ्यासाठी. पण घाटात घाई करून येऊ नकोस.” हे वाक्य ताईने वहीच्या शेवटच्या पानावर आईच्या देखत लिहून ठेवले.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघायचे आहे. निघण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडे पुन्हा एकदा तपासणी आहे, आणि त्यांनी नको म्हटले तर बेत रद्द होईल. ते दुःख मी सोसू शकेन. ज्यांच्या घरी शुश्रूषेचे माणूस आहे, त्यांना मात्र एक सुचवावेसे वाटते : कोठेही जायचे नसले तरी अशी वही लिहावी, आपल्या माघारी निर्णय कोण घेणार हे ठरवावे आणि चार दिवस त्या माणसाच्या हाती घर सोपवून पाहावे. रोज रात्री दोनदा उठणाऱ्या माणसालाही कधीतरी सलग झोप लागते. आमच्या घरी पत्नीला ती जूनमधल्या त्या चार रात्री मिळाली.