जखम भरण्याआधी

मागील पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक तरुणी सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभी राहिली. चार वर्षांची असताना चुलीवरचे उकळते आधण तिच्या अंगावर सांडले होते. जीव वाचला, परंतु खालच्या ओठापासून हनुवटीपर्यंत एक जाड, ओढलेला व्रण कायमचा राहिला. त्या व्रणामुळे ओठ एका बाजूस खाली खेचला जाई, 'प' आणि 'ब' ही अक्षरे नीट उमटत नसत आणि पाणी पिताना थेंब गळत. एका बालवाडीत ती शिक्षिका आहे. शस्त्रक्रियेने हा ओठ सोडवता येईल, चेहराही बराच सुधारेल, असे संभाजीनगरच्या एका डॉक्टरांनी तिला सांगितले होते.

"फादर, हा गर्व तर नाही ना होणार?" तिने विचारले.

मी विचार न करता उत्तर दिले. परमेश्वर माणसाचे बाह्यरूप पाहत नाही, अशा अर्थाची दोन वाक्ये तिला ऐकवली. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग अगदी शांतपणे म्हणाली, "परमेश्वर पाहत नाही, फादर. वर्गातली मुलं पाहतात."

ती गेली. मी वेदीची वस्त्रे घडी करून ठेवत होतो. हात चालत होते, मन थांबले होते. पंचवीस वर्षांहून अधिक काळ प्रवचने करणाऱ्या माणसाला एका बालवाडीच्या बाईंनी एका वाक्यात वर्गाबाहेर उभे केले होते.

त्या रात्री पुण्याच्या सेमिनरीतील नीतिशास्त्राच्या जुन्या वह्या काढल्या. बाराव्या पायस पोपमहोदयांनी 4 ऑक्टोबर 1958 रोजी इटलीतील प्लास्टिक सर्जनांच्या परिषदेपुढे याच विषयावर भाषण केले होते. त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी, 9 ऑक्टोबरला, त्यांचे निधन झाले. शरीराचे सौंदर्य हे सर्वोच्च मूल्य नव्हे, तथापि ते मूल्यच आहे; अशा शस्त्रक्रियेची नैतिकता तिच्यामागील हेतूवर आणि परिस्थितीवर अवलंबून असते; केवळ पोकळ हौस किंवा गुन्हेगाराने ओळख लपवणे असे हेतू गैर, परंतु ज्या वैगुण्यामुळे मनाला क्लेश होतात किंवा समाजात व कामात अडथळा येतो ते दूर करणे योग्यच, असा त्या भाषणाचा सारांश मी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवला होता. लिहिला होता आणि विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. माझे कालचे उत्तर चुकले, असे तिला सांगितले. आजीने चहा ठेवला. बोलता बोलता शस्त्रक्रिया दिवाळीनंतर ठरल्याचे कळले आणि घरातील सारी चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरत असल्याचेही: ऑपरेशन किती वेळ चालणार? त्यानंतरच्या दिवसांविषयी कोणी बोलतच नव्हते.

मला तेव्हा आठवण झाली ती कावसजीची. हा मराठा शेतकरी इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकण्याचे काम करी. 1792 च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या, विटा भाजण्याचा पिढीजात धंदा करणाऱ्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक बसवले. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये तिचा वृत्तांत छापून आला आणि पुढे 1814 मध्ये लंडनच्या कार्प्यू या शल्यविशारदाने त्याच पद्धतीने नाक बसवून दाखवले. हे सारे पुष्कळांना ठाऊक असते. मला मात्र त्या वृत्तांतातील नंतरच्या दिवसांचा तपशील अधिक विलक्षण वाटत आला आहे. सांध्यावर पाण्यात कालवलेल्या काथाच्या पट्ट्या एकावर एक ठेवायच्या आणि चार दिवस त्यांना हात लावायचा नाही. मग तुपात भिजवलेले कापड. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणेच पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे घालायचे आणि कपाळाशी जोडलेली कातडी कापायची ती सुमारे पंचविसाव्या दिवशी. (आज कोणी काथ किंवा तूप लावू नये, हे सांगायला हवे, आमच्याकडे उत्साही माणसे फार.) त्या अनामिक कारागिराला कातडी कापता येत होती, तशी वाट पाहताही येत होती.

हा प्रसंग मी त्या घरात सांगितला. आजी लक्षपूर्वक ऐकत होती. ऐकता ऐकता तिने नातीला हाक मारून चुलीवरचा तवा उतरवायला सांगितले. तव्यावर तंबाखू काळीभोर भाजली जात होती. घरात मिसरी तयार होत होती.

"तूही लावतेस का ग?" मी विचारले.

"सकाळ-संध्याकाळ. लहानपणापासून."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"त्यांनी सिगारेट ओढता का, तंबाखू खाता का, एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं." आजीने तिची बाजू घेतली, "फादर, तंबाखू कुठं खाते ती? मिसरीच तर लावते!"

पोरगी खोटे बोलली नव्हती. आमच्या मराठवाड्यात मिसरी ही तंबाखू समजलीच जात नाही. ती दात घासण्याची वस्तू. परंतु हिरडीवाटे निकोटीन रक्तात जातेच, आणि निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. दुसरीकडून घेऊन लावलेल्या कातडीला पहिले एक-दोन दिवस स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. खालच्या मांसातून झिरपणाऱ्या द्रवावर ती तग धरते आणि मग हळूहळू नव्या केशवाहिन्या तिच्यात शिरतात. नेमक्या त्याच वेळी वाहिन्या आकसलेल्या असल्या, तर लावलेली कातडी काळी पडून मरते. हे मला पुढे डॉक्टरांनीच समजावले, कारण मी तिच्याबरोबर गेलो होतो. मिसरीचे नाव ऐकताच त्यांनी पेन खाली ठेवले आणि शस्त्रक्रिया सहा आठवडे पुढे ढकलली. रक्तही तपासले. हिमोग्लोबिन कमी निघाले. लोहाच्या गोळ्या, डाळी, अंडी, शेंगदाणे यांची यादी मिळाली. डोके दुखले की ती घेत असलेली ॲस्पिरिनची गोळी रक्तस्राव वाढवते म्हणून बंद झाली.

तारीख पुढे गेली याचा घरात अपशकुन मानला गेला. एका काकाने तर सरळ म्हटले, "फादरनी मध्ये पडून घोळ घातला." मी ऐकून घेतले. त्या सहा आठवड्यांत त्या मुलीने जे सोसले ते मला शस्त्रक्रियेपेक्षा कठीण वाटते. सकाळी उठून बोट रिकामे ठेवायचे, पोट साफ होत नाही, चिडचिड होते, आणि शेजारच्या चुलीवर आजीचा तवा तापलेलाच. तिसऱ्या आठवड्यात आजीने तवा घराबाहेर, मागच्या पडवीत नेला. सोडली मात्र नाही.

तीन राजांचा सण झाल्यावर शस्त्रक्रिया झाली. एका अर्थी उशीर पथ्यावरच पडला म्हणायचा. जालन्याच्या उन्हात आणि धुळीत एप्रिलमध्ये हे करण्यात शहाणपण नव्हते. घरची तयारी आम्ही आधी करून घेतली होती. कातडी हलता कामा नये, म्हणून काही दिवस बोलणे नाही, चावणे नाही. पातळ पेज आणि वरणाचे पाणी चमच्याने. डोके उंच ठेवण्यासाठी दोन उशा. वाकून हंडा उचलायचा नाही, चुलीच्या धगीजवळ बसायचे नाही. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि येते तेव्हा घरातल्या तरुण मुलीनेच ते भरायचे असते. ते कोण भरणार, हे आधी ठरवावे लागले. बोलण्यासाठी तिने बालवाडीतली पाटी आणली.

सर्वांत अवघड गोष्ट माझ्या वाट्याची होती. आजाऱ्याच्या भेटीला जाणे हे दयेचे कृत्य, असे मी आयुष्यभर शिकवत आलो. आता मला मिस्सेनंतर जाहीर करावे लागले की, पंधरा दिवस कोणी त्या घरी जाऊ नये. आपल्या बायाबापड्या प्रेमाने जातात, केळी नेतात आणि उंबऱ्यातच म्हणतात, "दाखव बघू!" मग हळद लावा, कोरफड लावा, असे सल्ले. एक मावशी माझ्यावर अजून रुसलेली आहे. परंतु ज्यांना जायचेच होते त्यांनी दाराबाहेरचे पिंप भरून ठेवले आणि हाक न मारता परत गेल्या. त्यांपैकी दोघी तर एरवी एकमेकींशी बोलत नाहीत.

पाचव्या दिवशी पट्टी उघडली. लावलेली कातडी जांभळट दिसत होती, गाल सुजलेला होता. आईने तोंडात पदर कोंबला. डॉक्टरांनी आधीच इतर रुग्णांची छायाचित्रे दाखवून ठेवली होती: पहिल्या आठवड्यातले, महिन्यातले, वर्षानंतरचे. त्या मुलीने पाटी घेऊन लिहिले, "आई, हा पहिला फोटो आहे."

मला येथे डॉ. शरदकुमार दीक्षितांची आठवण होते. स्वतः अपघाताने खुर्चीस खिळलेले, कर्करोगाने आवाज गेलेला. तरी अमेरिकेहून दरवर्षी येऊन ते आपल्याकडे, औरंगाबादलाही, मोफत प्लास्टिक सर्जरीची शिबिरे घेत. 2001 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2011 मध्ये ते निवर्तले. दुभंगलेल्या ओठांची किती बाळे तेथून हसत घरी गेली असतील! पण डॉक्टरांचे काम झाल्यावर त्या बाळांना मांडीवर घेऊन एसटीने परतणाऱ्या, बाळाचा हात ओठाकडे जाऊ नये म्हणून कोपराला बाही बांधून रात्र जागणाऱ्या मातांचे नाव कोणत्याही यादीत नसते.

फेब्रुवारीत राखेचा बुधवार आला. उपवास धरावा का, असे तिने विचारले. आजाऱ्याला उपवासाचे बंधन नाही, असे मी सांगितले आणि दोन अंडी खाण्याची आज्ञा केली. माझ्या आजवरच्या प्रायश्चित्तकाळात मी दिलेली ही सर्वांत विचित्र आज्ञा असावी.

आता सहा महिने झाले आहेत. ओठ वर आला आहे, 'बदक' आणि 'पतंग' स्वच्छ ऐकू येतात. व्रण अद्याप लालसर आहे. डॉक्टरांनी दिलेले मलम लावून ती रोज बोटाने चोळते आणि उन्हात छत्रीशिवाय बाहेर पडत नाही, कारण कोवळ्या व्रणावर ऊन पडले की तो काळा पडतो. अगदी आरशासारखा गुळगुळीत चेहरा होणार नाही, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. मिसरी तिने पुन्हा धरलेली नाही. आजी अजून पडवीत जाते. परवा मला पाहून तिने बोट पाठीमागे लपवले, एवढीच प्रगती.

गेल्या रविवारी धर्मग्रामाच्या नोंदवहीसाठी कुटुंबांची छायाचित्रे काढत होतो. ती नेहमीप्रमाणे मान डावीकडे वळवून उभी राहिली, मग स्वतःच्याच लक्षात येऊन सरळ झाली. छायाचित्रकाराने कॅमेरा उचलताच तिने हात पुढे केला.

"आमचा फोटो जानेवारीत काढा, फादर," ती म्हणाली. "डॉक्टरांनी वर्षभर थांबायला सांगितलंय."

मी नोंदवहीतील त्या घराचे पान कोरे ठेवले आहे.