काकूंची पायरी

रत्नदुर्गावरील भगवतीच्या दर्शनास नवरात्रांत आमचें सारें घर जातें. चढण फार मोठी नाहीं. पण काकू निम्म्या वाटेंत एका पायरीवर हटकून बसावयाच्या. कोणा मुलीची वेणी सारखी कर, कोणाच्या पायांतला कांटा पाहा, असें कांहीं तरी निमित्त त्यांना नेहमीं सांपडे. आम्हीं मुलांनीं त्या जागेस 'काकूंची पायरी' असें नांवच ठेविलें होतें. वडीलधारीं माणसें मात्र हंसत नसत. रहाट ओढतांना थांबणारी, आगोटीच्या धांदलींत मध्येंच भिंतीस टेकणारी सून म्हणजे अंगचोर, असा निकाल घरानें केव्हांच दिला होता. माझी आई त्यांची थोरली जाऊ. तिच्या तोंडूनहि तो शब्द मीं अनेकदां ऐकला आहे.

गेल्या वर्षीं आषाढांत काकूंच्या पायांस सूज आली आणि रात्रीं त्यांना उताणें निजवेना. वय ६८. डॉक्टरांनीं नाडी पाहिली. ती अनियमित होती. छातीस नळी लावून ते बराच वेळ ऐकत राहिले. हृदयाचा दुसरा ठोका दुभंगलेला होता, आणि श्वास घेतला काय, सोडला काय, तो दुभंग तसाच राहत होता. पुढें ध्वनिलहरींनीं हृदयाचें चित्र काढलें, तेव्हां वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यास जन्मापासूनच भोंक असल्याचें दिसलें.

६८ व्या वर्षीं जन्मजात व्याधि! आम्ही चकित झालों. डॉक्टरांनीं समजावून सांगितलें तें असें: गर्भांतील बालकाचीं फुप्फुसें श्वास घेत नाहींत, म्हणून रक्तास उजवीकडून डावीकडे जाण्यास पडद्यांत निसर्गानेंच वाट ठेविलेली असते. जन्मानंतर ती मिटते. कांहीं बालकांत मात्र पडद्याचा भागच घडलेला नसतो. मग डावीकडील दाब अधिक असल्यामुळें शुद्ध रक्त पुन्हां उजवीकडे झिरपतें आणि फुप्फुसांतून व्यर्थ दुसरी फेरी घेतें. हृदयाची उजवी बाजू हा भार वर्षानुवर्षें मुकाट्यानें वाहते. मूल निळें पडत नाहीं, छाती दुखत नाहीं. उतारवयांत डावा कप्पा ताठर होतो, झिरपणें वाढतें, ताणलेल्या कप्प्याचा ताल बिघडतो, आणि मग रोग प्रथमच बोलूं लागतो.

अशा हकीकती जुन्या आहेत. १९१६ सालीं फ्रान्समधील डॉ. ल्युतांबाशेर यांनीं ६१ वर्षांच्या एका बाईची हकीकत प्रसिद्ध केली. तिला असेंच भोंक होतें, शिवाय डावी झडप अरुंद. तरीहि ती सात वेळां गरोदर राहिली होती! ६ मे १९५३ रोजीं फिलाडेल्फियांत डॉ. जॉन गिबन यांनीं हृदय व फुप्फुसें यांचें काम यंत्राकडे सोंपवून एका १८ वर्षांच्या मुलीचें भोंक शिवलें. आज सोयीच्या जागीं असलेलें भोंक जांघेच्या शिरेंतून नळी नेऊन, छाती न उघडतां, दोन तबकड्यांच्या झांकणानें बंद करतां येतें. मात्र फुप्फुसांतील दाब फार चढला असेल, तर तें बंद करणेंच घातक. म्हणून आधीं तो मोजतात. काकूंचा दाब मर्यादेंत निघाला, आणि मुंबईस ती क्रिया पार पडली.

घरीं परतल्यावर मीं विचारलें, "काकू, एवढीं वर्षें धाप लागत होती, तर बोललां कां नाहीं?"

त्या शांतपणें म्हणाल्या, "अरे, मला वाटे, चढतांना सर्वांनाच असें होतें. तुम्ही सारीं सोसतां, मीच कमी पडतें."

जो जन्मतःच अपुरा दम घेऊन येतो, त्याला पुरा दम म्हणजे काय हें कळावें कसें? तुलना करावयास त्यांच्याजवळ कांहींच नव्हतें. पण आमच्याजवळ होतें. त्यांच्यांतला आणि इतरांतला फरक आम्हांला रोज दिसत होता, आणि आम्हीं त्यास स्वभावाचें नांव दिलें.

यंदाच्या नवरात्रांत आई काकूंबरोबर चढली. त्या पायरीशीं येतांच आईच आधीं बसली आणि म्हणाली, "बैस ग जरा. घाई कसली आहे?" काकू बसल्या. मग दोघीहि सावकाश वर गेल्या.

वाचकहो, आपल्याहि घरांत अशी एखादी पायरी असेल. तेथें बसणाऱ्या माणसास अंगचोर म्हणण्यापूर्वीं एकदां त्याची छाती जाणत्या कानांनीं ऐकवून घ्यावी, एवढेंच सांगणें.