नकाराचे कारण

आमच्या पुतण्याने मोडी लिपी शिकविणारे एक छोटेसे अ‍ॅप तयार केले. त्यातील अक्षरे आमच्या वडील बंधूंनी स्वहस्ते वळवून दिली होती. बंधूंचे वय ऐंशीच्या पुढे, दृष्टी दिवसेंदिवस मंद होत चाललेली. आपले वळण कोणाच्या तरी उपयोगी पडावे, एवढीच त्यांची इच्छा. मोबाइलवरील अशा वस्तू ज्या दुकानातून लोकांस मिळतात, त्यांपैकी एकाकडे ते अ‍ॅप मंजुरीसाठी गेले आणि तीन दिवसांनी चार ओळींचा नकार आला. उपयुक्तता पुरेशी नाही, एवढाच त्याचा मथितार्थ. नेमके उणे काय, असे पुतण्याने नम्रपणे विचारले. उत्तरादाखल त्याच चार ओळी पुन्हा आल्या. बंधू रोज संध्याकाळी विचारीत, "आले का रे तुझे ते?" आणि पुतण्या मान खाली घाली. महिन्याभराने त्याने एका काना-मात्रेचाही फरक न करता तेच अ‍ॅप पुन्हा पाठविले, आणि ते मंजूर झाले! बंधूंस आनंद झाला. आम्हांस मात्र प्रश्न पडला. दोष होता तर तो गेला कोठे? आणि नव्हता, तर मुलाने महिनाभर मान का खाली घालावी?

तपासणीच नको, असे म्हणणारांपैकी आम्ही नव्हे. ज्या यंत्रात आपले पैसे, पत्रे आणि घरची छायाचित्रे असतात, त्याच्या दाराशी पहारा हवाच. परंतु पहारेकऱ्याची चूक दोन्ही अंगांनी होते. अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर जुलै 2008 मध्ये सुमारे 500 अ‍ॅप्सनिशी उघडले. एप्रिल 2009 मध्ये तेथे रडणाऱ्या तान्ह्या मुलाला हलवून कायमचे गप्प करण्याचा एक 'खेळ' मंजूर झाला. लोकक्षोभ उसळल्यावर तो काढून कंपनीस क्षमा मागावी लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस मार्क फिओरे या अमेरिकन व्यंगचित्रकाराचे अ‍ॅप मात्र नाकारले गेले. कारण, त्यात सार्वजनिक व्यक्तींची थट्टा होती! एप्रिल 2010 मध्ये फिओरे यांस पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि लौकरच तेच दार उघडले. चित्रे तीच होती. मध्ये केवळ पारितोषिक आले. ज्यांस पारितोषिक मिळावयाचे नाही, त्यांनी काय करावे?

तपासनीसांस दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. ऑगस्ट 2009 मध्ये अ‍ॅपलने अमेरिकेच्या दळणवळण आयोगास कळविले की, आपले चाळीसहून अधिक पूर्णवेळ तपासनीस असून प्रत्येक अ‍ॅप निदान दोघे पाहतात. एवढ्यांनी हजारोंचा निवाडा करावयाचा म्हणजे ठरीव ओळींचा आश्रय घेणे ओघानेच आले. तथापि सुधारणा अशक्य नाही. तपासणीचे नियम सप्टेंबर 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. जून 2020 मध्ये तर, निर्णयाविरुद्धच नव्हे, खुद्द नियमाविरुद्धही दाद मागता येईल आणि कायद्याचा प्रश्न नसेल तर दोषदुरुस्ती अडविली जाणार नाही, असे कंपनीने जाहीर केले.

याच वाटेने आणखी थोडे पुढे जावे, एवढेच आमचे मागणे. नकारात नियमाचे कलम असावे आणि ते जेथे मोडले ती जागाही दाखवावी. पहिल्याने पाहिले त्याच तपासनीसाने शेवटपर्यंत उत्तर द्यावे. नाकारलेली वस्तू तशीच्या तशी मंजूर झाली, तर चूक आपली होती असे एका ओळीने कळवावे. यांत खर्च आहे, हे खरे; पण आज तो खर्च ज्याची वस्तू अडते त्याच्याच माथी बसतो.

बंधूंस मोडी आमच्या आजोबांनी शिकविली. आजोबा मोठे कडक. पाटीवरचे अक्षर चुकले की तत्काळ पुसून टाकीत. परंतु पुसण्यापूर्वी बोट ठेवून कोठे चुकले ते सांगत आणि शेजारी बरोबर अक्षर काढून देत. बंधूंच्या ज्या वळणास त्या दुकानाने अखेर मंजुरी दिली, ते अशा नकारांतूनच घडलेले आहे.