ओ देणारा कोण?

पट्टी थांबली होती, म्हणून मला बोलावणं आलं. हळदीच्या अडतीत पट्टी थांबली की सगळंच थांबतं. सौदा झालेला असतो, पोती मोजून झालेली असतात, हमाली-तोलाईची वजावट दिवाणजींच्या डोक्यात तयार असते. पण छापलेला कागद हातात पडल्याशिवाय शेतकरी काही जागचा हलत नाही. त्या दिवशी बाकावर तिघं बसले होते. माझ्या पिशवीतून डोकावणारं क्रिंपर बघून त्यातल्या एकानं विचारलं, "नेट गेलंय व्हय?"

नेट गेलं नव्हतं. आत मालकांच्या संगणकावर बाजारभाव व्यवस्थित दिसत होते. पण सांगली-मिरजेतल्या लहान ऑफिसांची जाळी सांभाळायला लागल्यापासून एक शिकलोय, की हे वाक्य खोडून काढायला जायचं नाही. 'नेट गेलं' हे तक्रारीचं नाव आहे, दुखण्याचं नाही. एका वकिलांकडे नेट गेलं होतं ते मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल संपल्यामुळे. संगणकाची तारीख कित्येक वर्षं मागे गेली, आणि बँकेची साइट उघडेना, कारण त्या यंत्राच्या हिशेबानं तिच्या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच व्हायची होती! एका क्लासमध्ये एका मुलानं वायफाय वाढावं म्हणून घरचा राउटर आणून जोडला. तो डबाही आपल्या परीनं सगळ्यांना पत्ते वाटू लागला. एका वाड्यात दोन कारभारी झाले, आणि ज्याला जो आधी भेटला तो त्याचा. आणखी एका ठिकाणी झाडणाऱ्या मावशींना वायरचं सुटं टोक लोंबताना दिसलं, स्विचला रिकामं भोक दिसलं, त्यांनी ते नीटनेटकेपणानं आत बसवलं. वायरीची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये! स्विचवरचे सगळे दिवे एका तालात लुकलुकायला लागले, की हे ओळखायचं. त्याला काही हत्यार लागत नाही, दारातून कळतं.

तर बघायचा क्रम ठरलेला आहे. आधी डोळे, मग हात, मग कीबोर्ड. वायरीच्या खोबणीपाशी हिरवा दिवा आहे का? संगणकाला नंबर कुठला मिळालाय? १६९.२५४नं सुरू होणारा असेल तर समजायचं, की बिचाऱ्यानं खूप हाका मारल्या, पत्ता द्यायला कुणी आलं नाही, शेवटी त्यानं स्वतःच स्वतःला एक चिकटवून घेतला. नंबर ठीक असेल तर राउटरला पिंग. मग बाहेरच्या एखाद्या माहितीतल्या नंबराला, आम्ही सगळे ८.८.८.८ वापरतो, पाठ करायला सोपा म्हणून. तिथून उत्तर आलं आणि तरीही साइट नावानं उघडत नसेल, तर रस्ता आहे, पत्ता सांगणारा झोपलाय. निम्मी कामं या दोन प्रश्नांच्या फोडीतच संपतात. रस्ता आहे का, हा एक. नावाचा नंबर कोण सांगतंय, हा दुसरा. घोळ होतो तो एकाचं उत्तर दुसऱ्याला जोडल्यामुळे, आणि त्या दिवशी तो मी केला.

झालं होतं असं. हिशोबाचा मुख्य संगणक, ज्याच्यावर टॅलीचा सगळा डेटा, तो आदल्या रविवारी मी बदलून दिला होता. जुना थकला होता. उघडला तर पंख्याच्या पात्यांवर हळदीचा पिवळा थर, बोटानं कुंकवासारखा उचलून घ्यावा असा. नव्याला नाव जुनंच ठेवलं, 'टॅली-सर्व्हर'. राउटरमध्ये त्याच्यासाठी १९२.१६८.१.२० हा नंबर राखून ठेवला, आणि नावं सांगायचं कामही राउटरकडेच. सहा संगणकांपैकी पाच सोमवारी सकाळी मुकाट कामाला लागले. सहावा दिवाणजींचा. तो म्हणे, 'नेटवर्क पाथ सापडला नाही.' आणि पट्टी दिवाणजींच्याच टेबलावरून निघते. पलीकडच्या टेबलावर बसून काढा म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्यांना दुसऱ्याच्या ताटात जेवायला सांगतोय.

त्या एररच्या शेपटीला ८००७००३५ असा आकडा असतो. शेवटचे ३५ हे सोळाच्या पटीतले. आपल्या मोजणीत सोळा त्रिक अठ्ठेचाळ अधिक पाच, म्हणजे ५३. नावं विचारण्याची जी जगभरची व्यवस्था आहे, डीएनएस, तिचं बोलणंही ५३ नंबरच्याच पोर्टवर चालतं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध शून्य, निव्वळ योगायोग. पण धंद्यात असे योगायोग लक्षात राहतात, आणि त्या दिवशी तरी तो मला शकुन म्हणून घेता आला असता.

मी घेतला नाही. मी दिवाणजींच्या संगणकावरून पिंग टॅली-सर्व्हर केलं. खटाखट चार उत्तरं आली. मी मनात म्हटलं, चला, नाव सापडतंय, रस्ता आहे. म्हणजे दुखणं वरचं आहे. फायरवॉल असेल, शेअरिंग असेल, पासवर्ड असेल. आणि पुढचा पाऊण तास मी त्या 'वरच्या' दुखण्यामागे घालवला. नव्या संगणकाचं फायरवॉल उघडलं, बंद केलं. जाळं 'पब्लिक' ठरलंय का ते पाहिलं, कारण विंडोज एकदा का परकं ठिकाण समजली की दारं लावून घेते. दिवाणजींचा पासवर्ड नव्यानं टाकला. काहीच सुचेना तेव्हा वायरीची दोन्ही टोकं कापून नवी बसवली: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हे खरं तर दुरुस्तीसाठी नव्हतंच. हात रिकामे असले की बाकावरची माणसं बघतात.

नावांची आठवण पुसायची एक आज्ञा असते, फ्लश डीएनएस. तीही तीनदा दिली. संगणकाला एकदा नावाचा नंबर कळला की तो काही काळ लक्षात ठेवतो, दर वेळी विचारत बसत नाही. हा काळ उत्तराबरोबरच सांगितलेला असतो, सेकंदांत. ३,६०० म्हणजे तासभर, ८६,४०० म्हणजे दिवसभर. गंमत म्हणजे 'असं नाव नाही' हे उत्तरसुद्धा तो लक्षात ठेवतो. नाव नंतर तयार झालं तरी जुना नकार काही वेळ टिकून राहतो. बऱ्याच 'आपोआप बरं झालं'च्या कहाण्यांमागे हेच असतं. कुणी काही केलेलं नसतं, फक्त मुदत संपलेली असते. पण इथं पुसूनही काही बदलेना.

पिंग न थांबता चालू ठेवायची सोय असते. मी ती लावली आणि पडद्यावर सेकंदाला एक ओळ सरकताना बघत बसलो. तेवढ्यात बाकावरचा तोच गडी म्हणाला, "सायेब, ह्या मशिनीच्या मागचा दिवा तुमच्या त्या वळींबरबर लुकलुकतोय बगा."

ती मशीन म्हणजे प्रिंटर. त्याची पाठ बाकाकडे होती, आणि हा माणूस दीड तास दुसरं काही बघायला नसल्यानं त्याच्या पाठीकडे बघत होता. मी पिंग थांबवलं. लुकलुक थांबली, अधूनमधून एखादी, बस. पुन्हा लावलं. सेकंदाला एक.

मग मी ती ओळ वाचली. पिंगच्या उत्तरांच्या वर पहिलीच ओळ असते, कुठल्या नावाला कुठल्या नंबरावर हाक मारतोय ते सांगणारी. हजारो वेळा समोर आली असेल, म्हणूनच दिसत नव्हती. तिथं लिहिलं होतं १९२.१६८.१.४१. मी तर २० दिला होता.

हाक बरोबर नावानं मारली होती आणि ओ-ही आली होती, पण ओ देणारा भलताच होता. दिवाणजींचा संगणक सकाळपासून प्रिंटरकडे खातेवह्या मागत होता. पिंग एवढंच विचारतं, की या नंबरावर कुणी जागं आहे का. कोण, ते विचारत नाही. अमेरिकेत माइक म्यूस यांनी १९८३च्या डिसेंबरात हा छोटासा प्रोग्रॅम लिहिला, आणि पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. सोनारलाही समोर काहीतरी आहे एवढंच कळतं. जहाज की देवमासा, हे ऐकणाऱ्यानं ठरवायचं.

आता खात्री करायची. एनएसलुकअप चालवलं तर ते म्हणालं, २०. म्हणजे राउटर बरोबर सांगतोय. एनएसलुकअप थेट नावं सांगणाऱ्याकडे जातं, संगणकाच्या खिशात काय चिठ्ठी आहे ते बघत नाही. पिंग आधी खिसा चाचपतं. दोघांची उत्तरं वेगळी निघाली की घोळ खिशात. एआरपीच्या यादीत ४१समोर जो हार्डवेअरचा पत्ता होता, त्याचा पहिला अर्धा भाग प्रिंटरच्या कंपनीचा. हेही जुळलं. मग नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं, कारण साध्या नोटपॅडला ती फाइल वाचता येते पण बदलू देत नाहीत, आणि विंडोजच्या पोटात ड्रायव्हर्सच्या आत इटीसीमध्ये दडलेली होस्ट्स नावाची फाइल समोर आणली. तळाशी एकच ओळ होती: ४१, मोकळी जागा, टॅली-सर्व्हर.

ती मी लिहिली होती.

२०१९चा ऑगस्ट. कृष्णेचं पाणी चढत होतं तेव्हा गावातल्या पेढीतले संगणक आम्ही टेम्पोत घालून विश्रामबागेत मालकांच्या बंगल्यात, पहिल्या मजल्यावर नेले. वीज यायची जायची. घरचा राउटर जोडला, त्याच्यावर नावं कुणी कुणाला सांगेना. दिवाणजींना २० तारखेच्या जीएसटी रिटर्नची काळजी, अर्धं गाव पाण्यात आणि हे चष्मा पुसत विचारतायत, "विक्रीचा आकडा दिसेल का?" मी मुख्य संगणकाला ४१ हा नंबर हातानं ठोकून दिला, आणि त्यांच्या संगणकात ही एक ओळ टाकली. आकडा दिसला. पाणी उतरलं, चिखल धुतला, संगणक यार्डातल्या नव्या ऑफिसात आले, आणि ती ओळ तशीच राहिली. प्रत्येक ऑफिसासाठी माझ्या वहीत एक पान असतं, नंबर, पासवर्डाच्या खुणा, कुठली वायर कुठं. त्या आठवड्याचं पान नाही. तेव्हा वही काढायला सवड कुणाला होती?

मुख्य संगणक जिवंत होता तोवर ४१ खरंच होतं, म्हणून चूक दिसली नाही. रविवारी मी तो काढला, राउटरला नंबर मोकळा दिसला, त्यानं सोमवारी सकाळी तो प्रिंटरला देऊन टाकला. आणि आज्ञा देऊन आठवण पुसली तरी संगणक ती याच फाइलमधून लगेच परत भरून घेत होता. डीएनएसच्या प्रत्येक उत्तराला मुदत असते. या फाइलमधल्या ओळीला नसते.

खरं तर ही फाइल डीएनएसच्याही आधीच्या काळाची आठवण आहे. अर्पानेटच्या दिवसांत जगातल्या जाळ्यावरच्या सगळ्या संगणकांची नावं एकाच यादीत असायची. ती यादी कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ठेवायचा. नाव घालायचं तर त्यांना कळवायचं आणि बाकीच्यांनी ती फाइल उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली, यादी पुरी पडेना, उतरवलेल्या प्रती शिळ्या व्हायला लागल्या. म्हणून १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी विचारून घेण्याची नवी रचना मांडली. यादी गेली, पण तिचं एक पिल्लू आजही प्रत्येक संगणकात राहिलंय, आणि ते सगळ्यात आधी वाचलं जातं. मी जी ओळ घाईत लिहिली ती मुळात तीच जुनी अडचण होती, शिळी प्रत.

दिवाणजी माझ्या खांद्यामागे उभे होते. काय झालं ते मी सांगितलं, स्वतःची चूक म्हणूनच सांगितलं. यार्डात लपवून भागत नाही, संध्याकाळपर्यंत चार दुकानं पुढे गेलेली असते. ते काही बोलले नाहीत. मी ओळ निवडली आणि डिलीटवर बोट नेलं, तेव्हा मात्र म्हणाले, "खोडताय होय?"

"चुकीची आहे ना, दिवाणजी."

"मग काय झालं? आमच्यात रक्कम चुकली तर खोडत नाहीत. आडवी रेघ मारायची, बाजूला सही करायची. खालचं वाचता आलं पाहिजे."

त्या फाइलमध्येही रेघ मारायची सोय असते. ओळीच्या आधी हॅशची खूण टाकली की संगणक ती ओळ वाचत नाही, माणसाला वाचता येते. मी खूण टाकली, पुढे '२०१९ महापूर, तात्पुरतं' असं लिहिलं, त्या दिवसाची तारीख घातली आणि सहीऐवजी नावाची दोन अक्षरं. आठवण एकदा पुसली. पिंगच्या पहिल्या ओळीत २० आलं. ती या वेळी मी बोट ठेवून वाचली.

टॅली उघडलं. पट्टी निघाली. लुकलुक दाखवणाऱ्या गड्यानं कागद उजेडात धरून वरपासून खालपर्यंत नीट वाचला, आणि हमाली दोन पोत्यांची जास्त लावलीय म्हणून दिवाणजींशी भांडायला उठला.