आमच्या गाडीची बुद्धि

आजारी माणसाला औषध सांगण्यास ज्याप्रमाणें वैद्य असावें लागत नाहीं, त्याचप्रमाणें रस्त्यांत बंद पडलेल्या मोटारीचें निदान करण्यास कारागीर असावें लागत नाहीं, हा अनुभव पुणें शहरांत गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकास केव्हां ना केव्हां येतोच. गेल्या चैत्रांत भर दुपारीं टिळक चौकांत आमची गाडी एकाएकीं स्तब्ध झाली, तेव्हां मागच्या रिक्षावाल्यानें पेट्रोलचा पंप, एका दुचाकीस्वारानें बॅटरी आणि पदपथावरील एका वृद्ध गृहस्थांनीं आमचें गाडी चालविणें, अशीं तीन निदानें पांच मिनिटांत केलीं. वीस मिनिटांनीं गाडी आपण होऊन चालू झाली, आणि तिन्ही वैद्य आपापल्या वाटेनें निघून गेले. या तिघांस आम्ही मनांतल्या मनांत हंसलों; पण पुढें आमच्या हातून जें झालें, तें पाहतां हंसण्याचा अधिकार आम्हांस फारसा नव्हता.

गाडीला बुद्धि असते, हें आम्हांस ठाऊक होतें; ती आजारी पडूं शकते, हें ठाऊक नव्हतें. जुन्या गाड्यांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण कार्ब्युरेटर करीत असे. कारागीर पेचकसाची मूठ कानाशीं लावून इंजिनचा आवाज ऐके, एक स्क्रू पाव फेरा फिरवी, आणि गाडी सुतासारखी सरळ होई. पुढें धुराचे नियम आले. १ एप्रिल २००० पासून देशांत ते कडक झाले. २०१० च्या एप्रिलांत 'भारत ४' हे त्याहून कडक नियम ज्या थोड्या शहरांना प्रथम लागू झाले, त्यांत पुणें होतें. धूर शुद्ध करणारी जी पेटी नळींत बसवितात, ती नीट काम करण्यास वजनानें एक भाग पेट्रोलला सुमारें १४.७ भाग हवा हें प्रमाण सतत राखावें लागतें. इतकी बारकाई कानाला साधणारी नव्हे. तेव्हां ठिणगी केव्हां पाडावी आणि पेट्रोलची झारी सेकंदाचे किती सहस्रांश उघडी ठेवावी, हा सारा कारभार तळहाताएवढ्या एका धातूच्या डबीकडे गेला. ठिणगी व पेट्रोल या दोहोंची व्यवस्था एकाच संगणकाकडे सोंपविण्याची ही युक्ति जर्मनीच्या बॉश कंपनीनें १९७९ सालींच बाजारांत आणली होती. आमच्या घरीं ती २०१२ सालीं गाडीबरोबर आली.

आमच्या घराजवळच्या बोळांत एक कारागीर आहेत. सारी पेठ त्यांना मामा म्हणते, आम्हीही म्हणतों. गाडी घेतल्यापासून तिची देखभाल त्यांच्याकडे. त्यांनीं आपलें वाचनयंत्र जोडलें, तेव्हां संगणकानें नोंदवून ठेवलेला दोषाचा क्रमांक दिसला : पी ०३३५. क्रँक कोणत्या क्षणीं कोठें आहे ही वार्ता देणाऱ्या सेन्सरकडून वार्ता येत नाहीं, असा त्याचा अर्थ. मामांनीं सेन्सर बदलला. आठ दिवसांनीं साताऱ्याहून परततांना, रात्रीं दहा वाजतां, कात्रजच्या नव्या बोगद्याच्या तोंडाशीं गाडी पुन्हां थांबली. मागें आमच्या ८२ वर्षांच्या मातोश्री बसल्या होत्या, आणि मालमोटारी इतक्या जवळून जात होत्या कीं प्रत्येकीसरशी गाडी हलत होती. मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत; फक्त आमच्या खांद्यावर त्यांनीं हात ठेवला, तो गाडी चालू होईपर्यंत काढला नाहीं.

मामांनीं पुन्हां क्रमांक वाचला, तोच होता. त्यांनीं तारा बदलल्या, दुसरा सेन्सर घातला. गाडी तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हां आम्हीं त्यांच्या दुकानांत जाऊन, त्यांच्या हाताखालच्या दोन मुलांसमोर, "तुम्ही दुरुस्तीसाठीं नव्हे, बिलासाठीं भाग बदलतां," असे शब्द उच्चारले. मामांनीं उत्तर दिलें नाहीं. गल्ला उघडून दोन्ही वेळची मजुरी आमच्या हातावर ठेवली, आणि ते पुढच्या स्कूटरकडे वळले. ते पैसे आम्हीं खिशांत घातले. हें लिहावयास आज लाज वाटते. पण घातले हें खरें.

त्यानंतर एका मोठ्या दुकानांत गेलों. तेथें गाडीचें झांकण न उघडतांच संगणक गेल्याचें सांगण्यांत आलें व ४०,००० रुपयांवरचा आंकडा ऐकविण्यांत आला. म्हणून आम्हीं नाना पेठेची वाट धरली. मोटारींच्या सुट्या भागांची ही पेठ ज्यानें पाहिली असेल, त्यास आम्हांला तेथें संगणक मिळाला याचें आश्चर्य वाटणार नाहीं. आश्चर्य वाटावें तें तो लगेच विकण्यास नकार देणारा माणूस मिळाला याचें. एका माळ्यावर भिंगाखालीं डाक लावीत बसलेल्या त्या तरुणानें सांगितलें, "साहेब, डोकें फिरलें म्हणण्याआधीं पोटांत अन्न आहे आणि पाय जमिनीला टेकले आहेत, एवढें तरी पाहूं. गाडी घेऊन या. आणि केंस वाळवायचें यंत्र असेल तर तेंही आणा."

आमच्या सौभाग्यवतींचें तें यंत्र घेऊन आम्ही दुसऱ्या दिवशीं हजर झालों. त्यानें प्रथम संगणकाकडे येणारे बॅटरीचे १२ व्होल्ट मोजले, ठीक होते. अर्थिंगची तार तपासली, घट्ट होती. मग क्रँकच्या सेन्सरकडे जाणारा पुरवठा मोजला. हा पुरवठा ५ व्होल्टांचा असतो आणि तो संगणकच देतो. कांटा बरोबर ५ दाखवीत होता. तेव्हां त्यानें डबीवर गरम वारा सोडला. इंजिन तापल्यावर तिला जेवढी ऊब लागावी, तेवढीच. चार-पांच मिनिटांनीं ५ चे एकाएकीं अर्ध्या व्होल्टाच्या आंत आले. पण एखादा सेन्सर आंतून जुळून तोच पुरवठा खालीं ओढीत असेल, ही शंका उरली होती. म्हणून त्या पुरवठ्यावरचे सारे सेन्सर त्यानें एकेक करून सोडविले. व्होल्ट परतले नाहींत. ओलें फडकें डबीवर ठेवतांच परतले. दोष संगणकांतच होता. डबी उघडल्यावर पुरवठ्याच्या भागाखालचा डाक केंसासारखा तडकलेला भिंगांतून आम्हांसही दिसला.

म्हणजे झालें होतें तें असें. डबी तापली कीं सेन्सरचा पुरवठा तुटे. उपाशी सेन्सर मुका होई. आणि स्वतः जागा असलेला संगणक त्याच्याच नांवानें दोष लिहून ठेवी. मामांनीं जें वाचलें तें तसें लिहिलेलें होतें. त्यांनीं व्होल्टही मोजले होते, परंतु गाडी त्यांच्याकडे पोहोंचेपर्यंत थंड होई, आणि तेव्हां सर्व अवयव निर्दोष असत. दोष हजर असतांनाच त्याची चौकशी करावी लागते. क्रमांक ही तक्रार असते, निकाल नव्हे. संगणकानें तक्रारीस निकाल मानलें, त्यास निदान यंत्र म्हणून क्षमा आहे. आम्हीं मामांच्या बाबतींत अगदीं तेंच केलें, त्यास कोणती सबब सांगावी?

तडकलेला डाक पुन्हां भरला. तो पंधरा दिवस टिकला. मग अपघातांत निकामी झालेल्या तशाच एका गाडीचा, अक्षर न् अक्षर तोच क्रमांक असलेला संगणक आम्हीं ८,००० रुपयांस घेतला. तो बसविला, पण गाडी चालेना. कारण तो आमची किल्ली ओळखीत नव्हता. जुन्या डबींतील आठ पायांची इवलीशी स्मृतीची चकती काढून त्या तरुणानें ती नवींत जोडली, तेव्हां कोठें गाडीनें आम्हांस मालक म्हणून स्वीकारलें. दोन दिवस ती सिग्नलला उभी असतांना किंचित् अडखळे; नव्या डोक्याला जुन्या शरीराच्या संवयी शिकावयास तेवढा वेळ लागतो म्हणे.

तिसऱ्या दिवशीं आम्ही बोळांत गेलों. तींच दोन मुलें तेथें असल्याची खात्री करून घेतली, आणि जें त्यांच्यासमोर बोललों होतों, तें त्यांच्यासमोरच परत घेतलें. मजुरीचे पैसे पुढें केले. मामांनीं हात पुसले, पण पैशांकडे पाहिलें नाहीं. "केंस वाळवायचें यंत्र म्हणालांत?" त्यांनीं विचारलें. आम्हीं सारी हकीकत सांगितली. मध्येंच थांबवून त्यांनीं मुलांना जवळ बोलाविलें व आम्हांस ती पहिल्यापासून सांगावयास लावली. ऐकून झाल्यावर म्हणाले, "गरम असतांना मोजायला हवें होतें. माझें चुकलें." मग त्यांनीं पैसे मोजून गल्ल्यांत टाकले. आमचें काय चुकलें, याविषयीं ते एक शब्दही बोलले नाहींत, आणि तें विचारण्याचा धीर आम्हांस अद्याप झालेला नाहीं.