डॉक्टर, नट आणि आमचे बाबा

परवा जोडून सुट्टी आली म्हणून पुण्याहून घरी लोहाऱ्याला गेलो होतो. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये अंग आंबवून घ्यायचं, दोन दिवस आईच्या हातचं हाणायचं आणि परत हिंजवडी, हा नेहमीचा कार्यक्रम. पण या वेळी बाबांना एक गोष्ट सांगायची होती. नोकरी सोडून वर्षभर फक्त नाटक करायचं म्हणतोय. (इंजिनिअरिंगची चार वर्षं अभ्यासापेक्षा एकांकिकांच्या तालमीत जास्त गेली, हे त्यांना अजून माहीत नाही!)

एकदम विषय काढायची हिंमत होईना. रात्री जेवणं झाल्यावर टीव्हीवर 'सामना' लावून दिला. १९७५चा, जब्बार पटेलांचा. निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू समोरासमोर. बाबा खूश!

मग हळूच डाव टाकला. "बाबा, हे लागू नाक-कान-घशाचे डॉक्टर होते. पुण्यात प्रॅक्टिस, मग टांझानियात नोकरी. सगळं सोडून १९६९मध्ये नट झाले. चाळिशी ओलांडल्यावर!"

बाबांनी टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, "मंग नाटक कवापासून करे तो?"

झालं, इथेच आपली विकेट पडली. कारण खरं उत्तर होतं, मेडिकलला असल्यापासून. नंतर पुण्यात भालबा केळकरांबरोबर पीडीएची नाटकं, तीही दवाखाना सांभाळून. एवढी वर्षं घासल्यावर 'इथे ओशाळला मृत्यू' आलं आणि लागू पूर्णवेळ नट झाले. १९७०मध्ये 'नटसम्राट', १९७२मध्ये 'पिंजरा', पुढे 'घरोंदा'साठी फिल्मफेअर, अॅटनबरोच्या 'गांधी'त गोखले. मधे हिंदीत पोटापुरते बाप आणि जज्जही बरेच केले. २०१९मध्ये गेले तेव्हा सगळ्यांनी त्यांनी डॉक्टरकी सोडल्याचं लिहिलं. मीही तेवढंच लक्षात ठेवलं होतं. सोयीचं होतं ना!

आणि माझं काय? नोकरीला पाच वर्षं झाली. या पाच वर्षांत ऑफिसच्या अॅन्युअल डेचं एक स्किट सोडलं तर एकही तालीम नाही. शनिवार-रविवार झोप, मॉल आणि वेब सिरीज. राजीनाम्याचा मेल मात्र ड्राफ्टमध्ये चार वेळा लिहून तयार.

माझ्या फीसाठी बाबांनी दारव्हा रोडकडचं दोन एकर विकलं होतं. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, त्या रात्रीही नाही. सिनेमा संपल्यावर फक्त म्हणाले, "चांगला हाय गड्या. दवाखाना सांभाळून करे, हे आवडलं आपल्याले."

रविवारी बसमध्ये बसवताना विचारलं, "तुले काही सांगाचं होतं का रे?"

"काही नाही बाबा."

असो. गेल्या शनिवारी कोथरूडमधल्या एका हौशी ग्रुपच्या तालमीला जाऊन आलो. सध्या प्रॉम्प्टिंगचं काम मिळालंय. बाबांना सांगायला अजून वेळ आहे. मेल ड्राफ्टमध्येच आहे.