दहाव्या राउंडची गोष्ट

कमबॅक म्हटलं की ऑफिसात लगेच २००६ चा गांगुली निघतो. माझा हीरो मात्र जॉर्ज फोरमन.

१९७४ मध्ये किन्शासात मोहम्मद अलीने त्याचा हेवीवेट किताब हिसकावला. सुरुवातीच्या राउंड्समध्येच सगळी ताकद उधळून बसला होता गडी! १९७७ मध्ये ग्लोव्हज उतरवून धर्मोपदेशक झाला. दहा वर्षांनी, ह्यूस्टनमधल्या आपल्या युवा केंद्राला पैसे हवेत म्हणून परतला, तर सुटलेलं पोट बघून लोक फिदीफिदी हसले.

मग ५ नोव्हेंबर १९९४, लास वेगास. समोर २६ वर्षांचा चॅम्पियन मायकेल मूरर. फोरमन ४५ चा. अंगात किन्शासातलीच लाल शॉर्ट्स. कोपऱ्यात अँजेलो डंडी, म्हणजे किन्शासात अलीच्या कोपऱ्यात असलेलाच माणूस! नऊ राउंड मार खाल्ला, तिन्ही जजेसच्या कार्डांवर मागे. पण घाई नाही. दहाव्यात उजव्या हाताचा ठोसा बसला आणि मूरर आडवा.

बाबांच्या आजारपणात नोकरी सोडली, तेव्हा मीही दोन वर्षं रिंगबाहेर होते. आता इंटरव्ह्यूला शेजारी पंचविशीतली पोरं असतात आणि 'या गॅपचं काय?' हा प्रश्न हमखास येतो. पोटात गोळा येतो, खोटं कशाला बोलू? पण हॉस्पिटलच्या बाकड्यावर मी थांबायला शिकले, वाईट रिपोर्ट हातात घेऊन शांत राहायला शिकले. पंचविशीत हे मला कुठं येत होतं?

आणि हो, किन्शासात हरला तेव्हा फोरमनही पंचविशीचाच होता.